एकाच डोळ्यामागे, रोज त्याच वेळेला उठणारी कळ : क्लस्टर डोकेदुखी

तुराटी

रात्री ठराविक वेळेला झोपेतून उठवणारी, एकाच डोळ्यामागची किंवा कानशिलातली जीवघेणी कळ. तोच डोळा लाल होऊन गळतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते किंवा वाहते, पापणी खाली येते, कपाळाला घाम सुटतो. माणूस अंथरुणावर टिकत नाही. अंगणात येरझारा घालतो, डोकं गच्च धरून डुलत बसतो, भिंतीवर कपाळ आपटतो. तास-दीड तासात सगळं ओसरतं आणि सकाळी तोच माणूस शेतात कामाला जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. असं महिना-दोन महिने चालतं, मग वर्षभर नाव नाही.

तुमच्या घरात, नात्यात, गावात असं कोणी असेल तर हा धागा त्यांच्यासाठी आहे. या दुखण्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. माझ्या मोठ्या भावाला ती आहे. आम्ही दिग्रस तालुक्यातले. दादाच्या दुखण्याला नाव मिळायला कित्येक वर्षं गेली. तोवर आमच्याकडच्या बहुतेक घरांत होतं ते सगळं झालं. सायनस म्हणून वाफारे घेतले, दाढेतून येतं म्हणून चांगली दाढ काढली, चष्म्याचा नंबर काढला, अर्धशिशी म्हणून पहाटे दूध-जिलेबी खाल्ली, ऊन लागलं म्हणून डोक्याला कांदा बांधला. शेवटी आईने उतारा टाकला. मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण तेव्हा कुणी मला चार प्रश्न विचारायला सांगितले असते तर दादाची ती वर्षं वाचली असती, म्हणून ते इथे लिहितो.

पहिला प्रश्न, किती वेळ दुखतं? क्लस्टरचा झटका औषध न घेता साधारण १५ मिनिटं ते ३ तास चालतो. अर्धशिशी ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत चालू शकते. दुसरा, कोणत्या बाजूला? क्लस्टर एकाच बाजूला, डोळ्याभोवती, भुवईवर किंवा कानशिलात असतं आणि त्या पाळीत, म्हणजे झटके येत राहतात त्या महिना-दोन महिन्यांत, बहुधा बाजू बदलत नाही. तिसरा, त्याच बाजूचा डोळा-नाक सोबत बिघडतात का? आणि चौथा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : दुखत असताना माणूस काय करतो? अर्धशिशीवाला दार-खिडकी लावून, अंधारात, न हलता पडून राहतो. क्लस्टरवाला पडूच शकत नाही. आडवं झालं की जास्त होतं म्हणतो, उठून फिरतो. दादाला रात्री अंगणात फिरताना अख्ख्या गावाने पाहिलं होतं, पण ते फिरणं हेच दुखण्याचं लक्षण आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

झटके एक दिवसाआड एक इथपासून दिवसाला ८ पर्यंत येऊ शकतात. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी येणं फार नेहमीचं. काहींची पाळी दरवर्षी त्याच ऋतूत येते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, शरीराचं झोपेचं-जागेपणाचं घड्याळ तिथे चालतं. १९९८ साली झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतोय ते दाखवणारी तपासणी) केलं, तेव्हा नेमका हाच भाग जागा झालेला दिसला. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस त्या वेळी पेटते आणि तिच्यासोबत डोळ्यातलं पाणी, नाकातला स्राव चालवणाऱ्या नसाही चेकाळतात. म्हणून डोळा गळतो. डोळ्यात किंवा सायनसमध्ये मुळात काही बिघाड नसतो.

हे दुखणं साधारण हजारात एकाला होतं. दीड लाख वस्तीच्या तालुक्यात शे-दीडशे माणसं होतात. मला दिग्रसमध्ये दादाशिवाय एकही माहीत नाही. म्हणजे बाकीचे आज कुठेतरी दाढ काढून घेत असतील. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

काळीमाती

भाऊ, तुमी माह्या घरातलं पाहून लिवलं का काय! मले बी हेच हाये. दरसाली दिवाळीच्या मागंपुढं येते, पऱ्हाटी वेचाच्या टायमाले. रातच्यानं दीड-दोन वाजले का उठलोच मी. डाव्या डोळ्यात कोनी तापलेली सळई खुपसली अन् फिरवली असं वाटते. बायको म्हने डोळ्याच्या डाक्तरले दाखवा. दाखवलं, थो म्हने डोळा चांगला हाये. लोकाइले वाटे हा दारू पेऊन धिंगाना करू रायला. मी तं त्या दिवसाइत दारूले हात बी लावत नाई, काहून का अर्धा कप पेला तरी तासाभरात उठते. बाकीच्या दिवसात पेलो तं काईच होत नाई. हे असं काहून होते? अन् खर्रा खाल्ल्यानं होते का? जागलीवर खर्रा सुटत नाई.

वर्धेचा_डॉक्टर

काळीमाती भाऊ, दारूबद्दल तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. डॉक्टरला ते आवर्जून सांगा, निदानाला मदत होते. पाळी चालू असताना दारूने तासाभरात झटका उठतो आणि पाळी संपली की तीच दारू काही करत नाही, हे या आजाराचं ओळखीचं वागणं आहे. तसंच नायट्रेटच्या गोळ्यांचं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळी या लोकांना झटका आणू शकते. पाळीत दुपारची डुलकीसुद्धा काहींना महागात पडते.

तंबाखूचं सांगतो. क्लस्टरच्या रुग्णांत सिगारेट-विडी ओढणारे बरेच जास्त सापडतात. पण विडी सोडली की दुखणं जाईलच असं दिसलेलं नाही. खर्रा तोंडाच्या कॅन्सरसाठी सोडा, ते कारण पुरेसं आहे. डोकं त्याने थांबेल असा शब्द मी देणार नाही.

तुराटींनी चांगलं लिहिलंय, थोडी भर घालतो. हे दुखणं नवं नाही. १७४५ साली व्हॅन स्वीटेन या वैद्याने रोज ठरलेल्या वेळेला एका डोळ्याच्या वर उठणाऱ्या आणि डोळा गाळणाऱ्या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते. पुरुषांत जास्त आढळतं, पण बायकांतही असतं आणि त्यांचं निदान आणखी उशिरा होतं, कारण बाई डोकं धरून बसली की अर्धशिशीची चिठ्ठी तयारच असते. दहातल्या आठ-नऊ जणांना ते पाळीने येतं, मध्ये किमान ३ महिने पूर्ण मोकळे जातात. उरलेल्यांना मोकळा काळ मिळतच नाही किंवा तीन महिन्यांपेक्षा कमी मिळतो. त्यांना क्रॉनिक म्हणतो. ते फार हालाचं असतं.

निदान रक्त तपासून किंवा एक्स-रे काढून होत नाही, हकिकत ऐकून होतं. पण पहिल्यांदा निदान करताना मेंदूचं एमआरआय एकदा काढावं. पिट्यूटरी ग्रंथीची गाठ किंवा दुसरं काही क्वचित हुबेहूब असंच दुखवतं.

निंबोणी

माझं वय ५४. मला उजव्या गालात आणि हिरडीत विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते. दात घासताना, तोंड धुताना, वारा लागला तरी. एक-दोन सेकंद जीव जातो आणि थांबते. पुन्हा येते. हेच का क्लस्टर? डोळ्याला पाणी येत नाही.

वर्धेचा_डॉक्टर

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे क्लस्टर वाटत नाही. सेकंदांची चमक, स्पर्शाने किंवा वाऱ्याने उठणारी, गालात-हिरडीत, हे ट्रायजेमिनल न्यूराल्जियासारखं आहे. त्याचं औषध वेगळं, बहुधा कार्बामाझेपिन, आणि ते चांगलं लागू पडतं. मात्र ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच सुरू करा, अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवून दाखवायला जावं लागतं. आणि दाखवल्याशिवाय दाढ काढू नका.

धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक. एक डोळा लाल, प्रचंड दुखणं, सोबत उलट्या, धूसर दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं : हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचायला हवं, नाहीतर नजर जाते. क्षणात शिगेला पोचलेली आयुष्यातली सगळ्यात वाईट डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं नवं दुखणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, यांपैकी काही असेल तर धागे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

अकोटकर

आमच्याकडे दुसरीच पंचाईत. फवारणीच्या दिवसांत डोकं दुखणं, डोळ्यातून पाणी हे घरोघरी असतं. ते आणि हे वेगळं कसं ओळखायचं?

वर्धेचा_डॉक्टर

फार चांगला प्रश्न. कीटकनाशकाची विषबाधा एक बाजू धरत नाही. दोन्ही डोळे गळतात, दोन्ही बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, मळमळ, उलटी, जुलाब, छाती भरून येणं, स्नायू उडणं, सगळं एकदम. आणि ते फवारणीनंतर काही तासांत सुरू होऊन वाढत जातं, क्लस्टरसारखं तासाभरात ओसरत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून शंका जरी आली तरी कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या.

अकोटकर

धन्यवाद डॉक्टर. डबा सोबत न्यायचं हे आमच्या मजुरांना सांगून ठेवतो.

पैनगंगा

मी उमरखेडकडची. माझ्या यजमानांना हे आहे, म्हणून घरच्या माणसाच्या बाजूने लिहिते.

झटका आला की आपण काय करायचं हे कुणी सांगत नाही. सुरुवातीला मी त्यांना धरून ठेवायची, झोपवायला बघायची. ते ढकलून द्यायचे, ओरडायचे. सासूबाई म्हणायच्या, अंगात शिरलंय काहीतरी. आता कळलंय की त्या वेळी त्यांना शिवायचं नाही, बोलायचं नाही, फक्त वाट मोकळी ठेवायची. विळा, कोयता, विहिरीचा काठ या बाजूला जाऊ द्यायचं नाही. लेकरांना मी सांगून ठेवलंय की बाबांना राग आलेला नाही, त्यांचं दुखतंय.

सासूबाईंनी भगताकडे नेलं होतं आणि खरंच आठ दिवसांनी दुखणं गेलं. पुढच्या वर्षी आलं तेव्हा त्या म्हणाल्या, पुन्हा तिकडेच चला. त्यांना कसं समजवावं हा माझा खरा प्रश्न आहे. त्यांचं मन मोडायचं नाही मला.

तुराटी

वहिनी, हाच प्रश्न आमच्या घरी होता. मला जे उमगलं ते सांगतो.

या दुखण्याची पाळी आपोआप संपते. माणूस मात्र नवा उपाय करायला निघतो तो दुखणं असह्य झाल्यावर, म्हणजे पाळी बरीच पुढे गेल्यावर. मग जो उपाय शेवटी केला त्याच्या नावावर गुण जमा होतो. आमच्याकडे एका वर्षी दाढ काढल्याला श्रेय मिळालं, दुसऱ्या वर्षी नाकात टाकायच्या तेलाला, तिसऱ्या वर्षी उताऱ्याला. प्रत्येक जण मनापासून सांगत होता की आमच्यामुळेच गेलं, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी आईला तेवढंच दाखवलं : कॅलेंडरवर मागच्या पाळ्यांच्या तारखा लिहिल्या, कोणता उपाय कधी केला ते लिहिलं. दुखणं उपाय कोणताही असो, जवळपास तेवढ्याच दिवसांनी जात होतं. आई ते कॅलेंडर बराच वेळ बघत राहिली. देवाला नारळ ती अजून फोडते, ते मी थांबवलेलं नाही. पण डोळ्यात लिंबू पिळणं, चटका देणं, मारणं असलं काही भगत करत असेल तर ते रोखायलाच हवं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

काळीमाती

चटका मले बी देल्ला व्हता, कपाळावर डाग हाये अजून. भाऊ, आता औषदाचं सांगा. क्रोसिन, डायक्लो, सुई, सगळं करून झालं. गोळी लागू होईस्तोवर दुखनंच चाल्लं जाते.

वर्धेचा_डॉक्टर

गोळी पोटातून रक्तात जाऊन काम करायला पाऊण-एक तास घेते, झटका तोवर कळस गाठून उतरायला लागतो. म्हणून पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक यांचा इथे उपयोग नाही, आणि रोज खाल्ल्या तर मूत्रपिंड, पोट बिघडेल ते वेगळंच. ट्रामाडोलसारख्या गुंगीच्या औषधांच्या वाटेला तर जाऊच नका.

झटका थांबवायला दोन गोष्टी खरोखर काम करतात. एक ऑक्सिजन. दुसरं सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन. ते १०-१५ मिनिटांत काम करतं, २४ तासांत दोनपेक्षा जास्त घ्यायचं नाही. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला, ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर मुळीच नाही. अर्धशिशीसाठी दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं, ती गोळी घेतली असेल तर पुढचे २४ तास हे इंजेक्शन घेऊ नका. दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. सुई टोचायची नसेल तर नाकात मारायचा फवाराही असतो, तो थोडा हळू चालतो.

ऑक्सिजनबद्दल मी जरा जोर देऊन लिहितो, कारण आपल्या भागात तो वापरलाच जात नाही. २००९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिनिटाला १२ लिटर वेगाने शुद्ध ऑक्सिजन दिला तेव्हा ७८ टक्के झटके १५ मिनिटांत थांबले किंवा पुरेसे उतरले. साधी हवा दिली तेव्हा २० टक्के. सुई नाही, गुंगी नाही, हृदयाच्या रुग्णालाही चालतो, दिवसात चार झटके आले तरी चार वेळा देता येतो. फक्त जुना दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर आधी डॉक्टरला विचारा. अट एवढीच की झटका सुरू होताच घ्यायचा, मिनिटाला १२ ते १५ लिटर, १५-२० मिनिटं, बसून थोडं पुढे वाकून. आणि मास्क पिशवीवाला हवा, ज्याला नॉन-रिब्रीदर म्हणतात. नाकात घालायच्या नळीने २-३ लिटर दिला तर काहीच होणार नाही, आणि मग लोक म्हणतात ऑक्सिजन देऊन पाहिला, गुण नाही आला.

औषधदुकान_घाटंजी

मी मेडिकल चालवतो, सिलिंडरचं व्यवहारातलं सांगतो.

लहान सिलिंडर, ज्याला आम्ही बी टाइप म्हणतो, त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १२ लिटरने १५ मिनिटं म्हणजे एका झटक्याला १८० लिटर. भरलेल्या सिलिंडरमध्ये आठ झटके निघतात. मोठा जंबो, डी टाइप, ७००० लिटरचा असतो, त्यात पस्तीस-अडतीस झटके. रोज रात्री येणाऱ्याने पाळीपुरता जंबो भाड्याने घेतलेला बरा. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर लिटरचा वेग आणि मास्कचा प्रकार लिहून घ्या. फ्लोमीटर (वायूचा वेग दाखवणारं यंत्र) १५ लिटरपर्यंतचा आहे ना ते दुकानातच बघून घ्या.

कोविडनंतर बऱ्याच गावांत कॉन्सन्ट्रेटर यंत्रं पडून आहेत. ती बहुतेक ५ लिटरची, काही १० ची. लोक म्हणतात हेच वापरू. त्याचा वेग पुरत नाही, वीज गेली की तेही बंद.

वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर कृपा करून वापरू नका. त्याची शुद्धता आणि आतली स्वच्छता माणसाच्या श्वासासाठी तपासलेली नसते. सिलिंडर असलेल्या खोलीत चूल, विडी, देवाजवळचा दिवा काही नको. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवा.

गोंडवन

हे सगळं वाचून आशा वाटते, पण आम्ही एटापल्लीच्या पलीकडचे. न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, गाठायचा तर नागपूर. पावसाळ्यात नाला भरला की तालुक्यालाही जाता येत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?

वर्धेचा_डॉक्टर

तुमच्यासारख्यांसाठी झटका थांबवण्यापेक्षा झटके येऊच न देणारं औषध महत्त्वाचं आहे. त्याला न्यूरोलॉजिस्ट रोज लागत नाही. एकदा निदान आणि योजना झाली की एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर ती चालवू शकतो.

मुख्य औषध व्हेरापामिल. मुळात ते रक्तदाबाचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं औषध आहे, पण क्लस्टरमध्ये पाळी आटोक्यात ठेवतं. बहुधा दिवसाला २४० मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. ते हृदयातली विजेची वाट मंद करतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि दरवेळी डोस वाढवल्यावर ईसीजी काढलाच पाहिजे. ईसीजी बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत निघतो. बद्धकोष्ठ आणि पायावर सूज येऊ शकते. कोणी ईसीजीशिवाय डोस वाढवत असेल तर तुम्ही स्वतः मागा.

व्हेरापामिल चढायला आठ-पंधरा दिवस जातात. तेवढ्या काळासाठी प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स किंवा डोक्याच्या मागे ऑक्सिपिटल नसेजवळ द्यायचं इंजेक्शन असा पूल बांधतात. प्रेडनिसोलोनने झटके झपाट्याने थांबतात, म्हणून लोक पुढच्या वेळी ते स्वतःच दुकानातून आणून महिनोन्महिने खातात. तसं करू नका, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. क्रॉनिक रुग्णांना लिथियम देतात, त्यात रक्तातली पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड तपासत राहावं लागतं.

पाळी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत असेल तर त्याच्या आधीच एकदा सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन योजना लिहून घ्या. तुमच्या उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) सांगून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरशी बोलता येतं, पुढच्या भेटी तिथे होऊ शकतात. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन असतो. तिथल्या डॉक्टरांना दिवसा भेटून चिठ्ठी दाखवून ठेवा, म्हणजे रात्री गेल्यावर पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

पैनगंगा

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते. मागच्या पाळीत यजमान एका रात्री म्हणाले, "आता सहन नाही होत, संपवून टाकावं वाटते." आपल्या भागात असं वाक्य हलक्यात घेता येत नाही. मी त्या रात्री त्यांना एकटं सोडलं नाही. सकाळी फवारणीचे डबे दिरांच्या घरी कुलपात ठेवले. त्यांना सरळ विचारलं, खरंच तसं मनात येतं का. ते रडले आणि म्हणाले, दुखत असताना येतं, थांबलं की जातं. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. त्यांनी उपचार लगेच वाढवले, म्हणाले हे आधी सांगायला हवं होतं, या आजारात असं मनात येणं पुष्कळांना होतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फ्रीजवर चिकटवलाय. रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

काळीमाती

वहिनी, तुमी लिवलं ते बरं केलं. माह्या बी मनात येऊन गेलतं. बायकोले आज सांगतो. थो नंबर बी मांडून ठेवतो.

वर्धेचा_डॉक्टर

काळीमाती भाऊ, आजच सांगा. दवाखान्यात वहिनींना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाही हे बोला. दुखणं आवरलं की हे विचारही बहुतेकांचे आवरतात, आणि दुखणं आवरता येतं. जाण्यात दिवस घालवू नका. तोवर डबे पैनगंगा ताईंसारखे दुसऱ्याच्या घरी ठेवा. रात्री मन फारच खचलं तर १४४१६ किंवा १०८, आणि घरात कुणाला तरी उठवा.

तुराटी

भाऊ, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात माझा नंबर पाठवलाय. रात्री दीड वाजता फोन आला तरी उचलीन. तुमची सोबत करायला दादाही तयार आहे.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं तेही सांगतो. दादाचं निदान शेवटी ज्या कागदावर झालं त्याच्यावर फार काही नव्हतं : झटक्याची तारीख, सुरू झाला ती वेळ, थांबला ती वेळ, बाजू, डोळा-नाक, आणि त्या वेळी दादा बसला होता की फिरत होता. दोन आठवड्यांचं एवढं असलं तरी पुरे. पण तुमच्या मनात ते विचार येताहेत, म्हणून वही भरायची वाट बघू नका, आहे तेवढं घेऊन निघा. आधी काढलेल्या दाढा, झालेले एक्स-रे, खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घाला. छातीचं, रक्तदाबाचं काही औषध चालू असेल तर ते आधी सांगा.

निंबोणी

मी यवतमाळला दाखवून आले. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच म्हणाले, गोळी सुरू झाली. दाढ काढायची तारीख घेतली होती ती रद्द केली. डॉक्टरांनी एक सांगितलं ते क्लस्टरवाल्यांनाही उपयोगी पडेल असं वाटतं : ओपीडीत आलेला रुग्ण ठणठणीत दिसतो, म्हणून झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा.

वर्धेचा_डॉक्टर

फार उपयोगी सूचना. लाल डोळा, लोंबलेली पापणी, येरझारा हे सगळं एका मिनिटाच्या व्हिडिओत दिसतं आणि निदानाची वर्षं वाचतात. फक्त सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये डावं-उजवं उलटं साठवलं जातं. घरातल्या कुणीतरी मागच्या कॅमेऱ्याने, दिवा लावून काढा, आणि काढतानाच तोंडाने सांगा : किती वाजले, कोणती बाजू, सुरू होऊन किती मिनिटं झाली.